बागेचे दफ्तर

जपानच्या ओकायामा शहरातून वाहणाऱ्या असाही नदीच्या पात्रात एक बेट आहे आणि त्या बेटावर, पलीकडच्या तीरावरील काळ्या भिंतींच्या किल्ल्याच्या दृष्टिपथात, तीनशेहून अधिक वर्षे जोपासलेली कोराकुएन नावाची बाग आहे. कानाझावा येथील केन्रोकुएन आणि मितो येथील काइराकुएन यांच्याबरोबर तिची गणना त्या देशातील तीन श्रेष्ठ उद्यानांत होते. रेल्वे स्थानकापासून ट्रामने थोडेसे अंतर गेल्यावर नदीकाठ लागतो आणि एक पूल ओलांडला की मनुष्य शहरातून बागेत येतो. तिथे गेलेला प्रवासी सामान्यतः तळ्याचे, हिरवळीचे आणि मागे दिसणाऱ्या किल्ल्याचे छायाचित्र घेऊन परततो, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण ते दृश्य खरोखरच मनोहर आहे. परंतु त्या बागेतून हिंडत असताना आणि तिचा इतिहास वाचत असताना माझ्या मनात सर्वाधिक आदर उत्पन्न झाला तो तिच्यामागील कारभाराविषयी. आणि ज्या पुणे शहराने ओकायामाशी स्नेहसंबंध जोडून याच बागेच्या धर्तीवर सिंहगड रस्त्यालगत एक विस्तीर्ण उद्यान उभारले आहे, त्या शहरातील, तसेच महाराष्ट्रातील इतर शहरांतील वाचकांपुढे हा विषय मांडणे मला अगत्याचे वाटते.

ओकायामा संस्थानचे अधिपती इकेदा त्सुनामासा यांच्या हुकमाने १६८७ साली या बागेच्या कामास प्रारंभ झाला आणि १७०० साली ती मुख्यत्वे पुरी झाली. हे काम ज्याच्या स्वाधीन करण्यात आले तो त्सुदा नागातादा हा संस्थानचा कारभारी होता, आणि त्याचे आयुष्य जमीन, पाणी व महसूल यांच्या व्यवस्थेत गेले होते. समुद्रालगतच्या उथळ भागात बांध घालून त्याने विस्तीर्ण क्षेत्र लागवडीखाली आणले, असाही नदीच्या पुरापासून शहराचा बचाव व्हावा म्हणून पुराचे पाणी बाजूने वळविणाऱ्या मोठ्या कालव्याचे काम केले, आणि सामान्य रयतेच्या मुलांना शिक्षण मिळावे यासाठी शिझुतानी येथे स्थापन झालेल्या शाळेची उभारणीही त्याच्याच देखरेखीखाली झाली. असा मनुष्य बाग करावयास बसला म्हणजे तो काय करील, याचे उत्तर कोराकुएनमध्ये पदोपदी मिळते. प्रथम त्याने पाण्याचा बंदोबस्त केला. नदीच्या वरच्या अंगाहून पाट काढून आणलेले पाणी बागेत वळणावळणांनी खेळविले. आज या प्रवाहाची लांबी ६४० मीटर आहे, आणि तळी, धबधबा, भातखाचरे व फुलझाडांचे वाफे ही सर्व त्याच एका प्रवाहावर अवलंबून आहेत. ज्याने खारट जमिनीवर धान्य पिकवून दाखविले, त्याच्या हातची ही बाग आहे हे ठाऊक असल्यावर तिच्यातील प्रत्येक वळण अधिक अर्थपूर्ण वाटू लागते.

जपानी उद्यानांविषयी आपल्याकडे जी कल्पना रूढ आहे, म्हणजे वाकड्यातिकड्या खुज्या वृक्षांची, शेवाळलेल्या दगडांची आणि लहानशा लाल पुलाची, तिला हे उद्यान पुष्कळ अंशी छेद देते. येथे पहिल्याच दर्शनी जाणवते ती मोकळीक. सुमारे १३ हेक्टर क्षेत्रापैकी मोठा भाग हिरवळीने व्यापलेला आहे, आणि त्या काळच्या जपानी उद्यानांत इतकी विस्तृत हिरवळ हे विरळा वैशिष्ट्य होते. बागेच्या एका अंगाला एन्योतेई नावाचे अधिपतींचे निवासगृह आहे. तेथे बैठकीवर बसल्या बसल्या मधले मोठे तळे, त्यातील बेटे, पलीकडची टेकडी आणि बागेच्या सीमेबाहेरचा मिसाओ पर्वत हे सर्व एकाच नजरेच्या टप्प्यात यावे अशी त्याची योजना आहे. जो पर्वत बागेच्या मालकीचा नाही, तोही दृश्यापुरता बागेत सामील करून घेण्याची ही रीत तेथील उद्यानशास्त्रात फार प्राचीन आहे, आणि तिच्यात एक मोठे उत्तरदायित्व गर्भित आहे, कारण मधल्या अवकाशात उद्या एखादी उंच इमारत उभी राहिली तर बागेतील एक दगडही न हलविता बागेचा अर्धा अर्थ नष्ट होईल.

मात्र ही बाग बसून पाहण्यापेक्षा चालून पाहण्याची आहे. वाट तळ्याच्या कडेने जाते, मध्येच झाडांच्या आड शिरते, पुन्हा उघड्यावर येते, आणि दर वेळी तेच तळे व तोच किल्ला निराळ्या मांडणीत समोर येतात. त्सुनामासांचे पुत्र त्सुगुमासा यांनी पुढे यूइशिनझान नावाची सुमारे सहा मीटर उंचीची टेकडी तळ्याजवळ घडविली, आणि ज्या सपाट बागेत दृष्टी केवळ आडवी फिरत होती तिला उंचावरून पाहण्याचे स्थान मिळाले. सहा मीटर म्हणजे आपल्याकडील दुमजली घराएवढी उंची. परंतु तेवढ्याने संपूर्ण रचना बदलते, हे त्या टेकडीवर उभे राहिल्याखेरीज पटत नाही. याउलट र्यूतेन नावाच्या विश्रांतिगृहात मनुष्य खाली पाण्यापाशी येतो. या गृहाच्या मधोमध, जमिनीच्या पातळीवरून, तोच प्रवाह वाहत जातो. त्याच्या तळाशी सुंदर रंगछटांचे सहा दगड मांडलेले आहेत आणि दोन्ही बाजूंना बसावयास लाकडी पट्ट आहेत. भिंती नाहीत, चित्रे नाहीत, कोरीव काम नाही. वास्तुकलेने इतका संयम पाळून इतके समाधान द्यावे, याचे दुसरे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही, आणि ओकायामास जाणाऱ्या कोणाही मराठी माणसाने बागेत अन्यत्र घाई केली तरी येथे अर्धा तास बसावे, असे मी आवर्जून सांगेन.

आणखी एका जागेचा उल्लेख केला पाहिजे. बागेच्या एका कोपऱ्यात लहानशी भातशेती आहे, आणि तिची आखणी प्राचीन चीनमधील एका सारापद्धतीच्या धर्तीवर केलेली आहे. त्या पद्धतीत एका चौकोनी शेताचे नऊ समान भाग करून भोवतालचे आठ भाग आठ कुटुंबांनी स्वतःसाठी कसावयाचे आणि मधल्या नवव्या भागाचे उत्पन्न सरकारात जमा करावयाचे, असा दंडक होता. जवळच चहाचा मळा आहे, कमळांचे तळे आहे, आलुबुखार-जातीच्या वृक्षांची राई आहे. आरंभीच्या काळात या बागेत शेतीखालील जमीन आजच्यापेक्षा पुष्कळ अधिक होती. राजाच्या विलासस्थानात साऱ्याची आठवण देणारे शेत असावे आणि दरवर्षी जून महिन्यात तेथे आजही समारंभपूर्वक भातलावणी व्हावी, ही गोष्ट मला अतिशय मोलाची वाटते, कारण ज्या धान्यावर सारे वैभव उभे होते त्याचे अस्तित्व तेथे झाकून ठेवलेले नाही.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो न्याय्य आहे. ही बाग रयतेच्या घामाच्या उत्पन्नातून एका सरंजामी अधिपतीने स्वतःच्या सुखासाठी केली. तिची एवढी थोरवी गाण्याचे कारण काय? त्या काळीही काही ठराविक दिवशी सामान्य लोकांना बागेत प्रवेश मिळत असे, हे खरे असले तरी तेवढ्याने आक्षेपाचे निरसन होत नाही. त्याचे निरसन झाले ते पुढे. संस्थाने खालसा झाली त्या वर्षी, म्हणजे १८७१ साली, बागेला आजचे नाव मिळाले, आणि १८८४ साली ती ओकायामा प्रांताच्या स्वाधीन होऊन सर्वांसाठी खुली झाली. नव्या राजवटीत जुन्या सत्ताधीशांचे अनेक वाडे आणि किल्ले मोडीत निघाले. या बागेची मात्र जमीन विकली गेली नाही, तिचे तुकडे पडले नाहीत. सत्तांतराच्या वेळी सार्वजनिक उपयोगाची वस्तू ओळखून ती अखंड हस्तांतरित करणे हे राज्यकारभारातील शहाणपणाचे लक्षण आहे, आणि जी बाग एकाची होती ती सर्वांची झाली यापरते तिच्या निर्मितीचे परिमार्जन दुसरे कोणते असणार?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. १९३४ साली असाही नदीला मोठा पूर आला आणि बागेची अतोनात हानी झाली. तिची डागडुजी होऊन थोडाच काळ लोटतो तोच, २९ जून १९४५ च्या पहाटे, अमेरिकन विमानांनी ओकायामावर आगीचे बाँब टाकले. शहराचा मोठा भाग जळाला, सतराशेहून अधिक माणसे प्राणास मुकली, १५९७ साली पुरा झालेला किल्ल्याचा मुख्य बुरूज भस्मसात झाला आणि बागेतील एन्योतेईसह अनेक वास्तू नष्ट झाल्या. वाचलेल्या थोड्या वास्तूंपैकी र्यूतेन ही एक. युद्धात हरलेल्या, अन्नधान्याला मोताद झालेल्या शहराने पुढे काय करावे? बेटावरील ती जमीन घरांसाठी द्यावी किंवा कारखान्याला द्यावी, असे कोणी म्हटले असते तर त्याला निर्दय म्हणता आले नसते. तरीही ओकायामाने बाग पुन्हा उभी केली, आणि ती कोणा नव्या कल्पकाच्या मनास येईल तशी उभी न करता, जुन्या काळच्या चित्रांच्या आणि नकाशांच्या आधाराने, होती तशीच केली. १९५२ साली जपान सरकारने तिला विशेष निसर्गसौंदर्यस्थळ म्हणून संरक्षण दिले. एन्योतेई १९६० साली पुन्हा बांधण्यात आले. किल्ल्याचा बुरूज १९६६ साली काँक्रीटमध्ये उभा राहिला. बागेतील पांढऱ्या क्रौंच पक्ष्यांचा वंश युद्धानंतर नामशेष झाला होता. ज्यांचे तरुणपणीचे काही शिक्षण ओकायामात झाले होते ते चिनी विद्वान कुओ मो-जो यांनी १९५६ साली दोन क्रौंच पाठवून ती परंपरा पुन्हा सुरू करून दिली.

हे पुनर्निर्माण शक्य झाले याचे कारण असे, की ज्यांनी बाग केली आणि सांभाळली त्यांनी तिचे कागदही केले आणि सांभाळले. कोणत्या काळी तळ्याचा काठ कसा होता, टेकडी केव्हा झाली, कोठे हिरवळ होती आणि कोठे शेत, याची चित्रे व आराखडे अस्तित्वात होते. बाग दोन शतके जशीच्या तशी राहिली होती, असेही नव्हे. अधिपती बदलले तशी तिच्यात भर पडली. एका कारकिर्दीत काटकसरीसाठी हिरवळ मोडून शेते करण्यात आली आणि पुढे तीच शेते मोडून पुन्हा हिरवळ झाली. परंतु जे बदल झाले ते कागदावर आले. इकेदा घराण्याचे प्रचंड दफ्तर आज ओकायामा विद्यापीठाच्या ग्रंथालयात सुरक्षित आहे. लाकूड जळते, वृक्ष उन्मळून पडतो, पाण्याने माती वाहून जाते. परंतु ज्या बागेचे दफ्तर शाबूत आहे ती बाग पुन्हा करता येते, हा त्या बेटावरचा सर्वांत मोठा धडा आहे.

दफ्तराइतकेच महत्त्व माळ्याला आहे. जपानी पाईन वृक्षाची मशागत कशी करतात हे ज्याने पाहिले नाही त्याला त्या बागेच्या खर्चाची कल्पना येणार नाही. वसंतात फुटलेले कोवळे शेंडे हाताने खुडावयाचे, शरदात जुनी पाने हाताने ओरबाडून काढावयाची, आणि असे दरवर्षी, प्रत्येक झाडाच्या प्रत्येक फांदीवर करावयाचे. हिवाळ्याच्या अखेरीस कोराकुएनची हिरवळ विधिपूर्वक जाळतात. त्यायोगे कीड मरते आणि नवे गवत जोमाने येते. ही कामे ठेकेदाराने सहा महिन्यांसाठी आणलेल्या अनोळखी मजुराकडून होणारी नाहीत. एका झाडाचा पुढील वीस वर्षांचा आकार ज्याच्या डोळ्यांपुढे आहे आणि ते झाड वीस वर्षांनंतर पाहावयास आपण येथेच असू असा ज्याला भरवसा आहे, त्याच्याच हातून ती होतात. नोकरीच्या कायमपणाचा आणि वृक्षाच्या आकाराचा इतका निकट संबंध आहे, हे आपल्याकडील कारभारी मंडळींनी नीट लक्षात घ्यावयास हवे.

पुण्याचे पु. ल. देशपांडे उद्यान सुमारे दहा एकरांचे आहे आणि ते २००६ साली खुले झाले. ज्या लेखकाने 'पूर्वरंग'मध्ये मराठी वाचकाला पूर्वेकडील देशांची आणि जपानची ओळख करून दिली, त्याचे नाव या बागेला द्यावे, यात औचित्य आहे. गर्दीच्या रस्त्यावरून आत वळताच पाण्याचा प्रवाह, उतरत गेलेली हिरवळ आणि मागे पर्वतीच्या बाजूचे आकाश दिसते, तेव्हा ओकायामाची आठवण होते, आणि सायंकाळी तेथे वृद्ध जोडपी व लहान मुले शांतपणे फिरताना दिसतात तेव्हा या उद्यानावर झालेला खर्च सार्थकी लागला असे मनोमन वाटते. परंतु मूळ बागेचे वय तीनशे वर्षांहून अधिक आहे आणि या बागेचे वीस. पुढच्या शतकात ती टिकावी अशी इच्छा असेल तर ओकायामाहून तळ्याचा आकार आणण्यापेक्षा तेथील नोंदीची आणि नेमणुकीची पद्धत आणणे अधिक निकडीचे आहे. पुण्याची हवा निराळी, माती निराळी, पाऊस तर सर्वस्वी निराळा. येथे कोणते झाड तगले, कोणते मेले, कोणत्या पावसाळ्यात कोणता काठ खचला, याची रोजकीर्द आजपासून ठेवली तर पन्नास वर्षांनी ती अमूल्य ठरेल.

आणि हे काम आपल्या परंपरेला परके मुळीच नाही. मराठेशाहीतील, अठराव्या शतकाच्या आरंभीच्या आज्ञापत्रात वृक्षतोडीविषयी स्पष्ट निर्बंध घातलेले आहेत, आणि त्यांची कारणेही दिलेली आहेत. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल आजही बांधलेले आहेत. लिहून ठेवण्याची इतकी सवय असलेली राज्ये हिंदुस्थानात थोडी. त्याच पेशव्यांनी कात्रजहून नळाने पाणी आणले आणि पर्वतीच्या पायथ्याशी आंबील ओढ्यावर तळे बांधून त्यात बेट राखले. ते तळे आज नाही. त्याच्या जागी सारसबाग आहे, आणि पूर्वी जेथे नावेने जावे लागे तेथे लोक आता चालत जातात. हिराबाग, मोतीबाग, रमणबाग, माणिकबाग ही नावे पुणेकरांच्या रोजच्या बोलण्यात आहेत, आणि त्या नावांच्या जागी आज बहुतांशी घरे, दुकाने व शाळा आहेत. शहरे वाढतात, जमिनीची गरज वाढते, हे मी नाकारीत नाही. पण ओकायामाही वाढले, आणि तेही जळून खाक झाल्यावर वाढले.

माझ्या मते, कोणत्याही नगराने आपल्या सार्वजनिक बागेच्या बाबतीत तीन पथ्ये कटाक्षाने पाळावीत. पहिले, मूळ आराखडा, वृक्षांची यादी आणि पाण्याच्या वाटांचा नकाशा सरकारी दप्तरी कायम जमा असावा, आणि प्रत्येक फेरफाराची नोंद तारखेसह त्यात व्हावी. दुसरे, माळ्यांची पदे कायम असावीत आणि वडीलधाऱ्या माळ्याच्या हाताखाली नवा माणूस शिकून तयार होईल इतकी ती पुरेशी असावीत. बाग उघडण्याच्या समारंभाला जेवढी हौस दाखविली जाते, तिच्या अल्पांशानेही या तरतुदीकडे लक्ष दिले जात नाही, हे खेदाने म्हणावे लागते. तिसरे पथ्य सर्वांत कठीण, ते असे की बागेत नवीन काही घालू नये. मोकळी हिरवळ दिसली की तेथे पुतळा, रंगीत दिव्यांचे कारंजे, खेळण्यातली आगगाडी किंवा खाद्यपदार्थांची ओळ आणण्याचा मोह प्रत्येक नव्या कारभाऱ्याला होतो, आणि त्यामागे बहुधा सद्हेतूच असतो. परंतु अशी भर वीस वर्षे पडत राहिली की बाग उरत नाही, आणि ती कोणत्या दिवशी संपली हेही कोणाला सांगता येत नाही. कोराकुएनच्या हिरवळीवर तीनशे वर्षांत किती जणांना काय काय बांधावेसे वाटले असेल. ती आजही रिकामी आहे, आणि म्हणूनच तेथून किल्ला दिसतो, डोंगर दिसतो, ऋतू दिसतो.

यात नागरिकांचेही काम आहे आणि ते अवघड नाही. आपल्या गावच्या जुन्या अथवा नव्या सार्वजनिक बागेचा मूळ आराखडा दप्तरी आहे काय, तिच्यातील वृक्षांची अखेरची गणती केव्हा झाली, आणि तेथे कायम नेमणुकीचे माळी किती आहेत, हे तीन प्रश्न वाचकांनी आपल्या नगरपालिकेस लेखी विचारावेत. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून अमलात आहे, आणि महाराष्ट्रात या अर्जाचे शुल्क १० रुपये आहे.